वणवा मुरवावा लागतो

काडी ओढली की वणवा होतो, असा एक बाळबोध समज आहे. काडीने फार तर शेकोटी होते. महिनाभर धुमसणारा, गावंच्या गावं गिळणारा, उपग्रहाच्या चित्रात झळकणारा वणवा हवा असेल तर तो मुरवावा लागतो, तोही पिढ्यान्‌पिढ्या. घाई असणाऱ्यांचं हे काम नव्हे.

सुरुवात प्रत्येक आग विझवण्यापासून करा. हो, विझवण्यापासूनच. १९१० साली अमेरिकेच्या वायव्येला दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. तिथल्या वनखात्याने त्याचा असा धसका घेतला की १९३५ मध्ये नियमच झाला: आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. यापेक्षा चांगली मुदत ठेव शोधून सापडायची नाही. तिथल्या पाइनच्या जंगलात दर पाच-वीस वर्षांनी जमिनीलगत सरपटणारी आग यायची. सुईसारख्या वाळक्या पानांची गादी आणि गुडघ्याएवढी रोपं खाऊन निघून जायची. मोठ्या झाडांची जाड साल तिला भीक घालत नसे. ती आग बंद केली की सगळा पाचोळा तुमच्या खात्यात जमा. रोपं वाढतात, मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्यांना टेकतात आणि जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत चढायला आयती शिडी मिळते. जाणकार याला खरोखरच ‘शिडीचं इंधन’ म्हणतात, विनोद आमचा नाही.

ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी किंवा कॅलिफोर्नियातले करुक आणि युरोक लोक हजारो वर्षं योग्य हंगाम बघून जंगलाचे छोटे छोटे तुकडे मुद्दाम जाळत आले. त्यांना अडाणी ठरवा. आज एखादा वनाधिकारी तोच उद्योग ‘नियोजित जाळ’ या नावाने करायची परवानगी मागेल. त्याला वारा, आर्द्रता आणि पाचोळ्यातला ओलावा असं सगळं एकाच दिवशी जुळून यावं लागतं. असे दिवस वर्षात मोजके, आणि अनेक ठिकाणी तेही घटताहेत. म्हणजे तुम्ही विरोध करायचीही गरज नाही. फाइल दोन टेबलं फिरवा, मुहूर्त आपोआप टळतो. शिवाय दोन दिवसांच्या पातळ धुराबद्दल तक्रार नोंदवा. तीन आठवड्यांच्या दाट धुराची सोय त्यातूनच होते.

आता वाळवण. पेन्सिलीहून बारीक काडी हवा कोरडी झाली की तासाभरात वाळते. अंगठ्याएवढी फांदी दहा तास घेते, मनगटाएवढी चार दिवस. मांडीएवढ्या ओंडक्याला मात्र सुमारे सहा आठवडे लागतात. खरी मेख इथे आहे. काड्याकुड्यांची आग भुर्रकन येते नि जाते, पण ओंडके पेटले की ती दिवसेंदिवस एका जागी बसून माती भाजते, मुळं भाजते, मातीतलं बीही भाजते. सहा आठवड्यांचा अखंड कोरडेपणा एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नाही. त्यासाठी जगभरातली धुराडी, गाड्यांचे एक्झॉस्ट आणि वीजकेंद्रं लावावी लागतात. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेवढं बाष्प आयतं मिळालं नाही, तर ती ते पानांतून, मातीतून, ओंडक्यांतून ओरबाडून घेते. पाऊस सरासरीइतका पडला तरी जंगल तहानलेलं राहतं, ते यामुळे.

पाऊस बंदच पाडा असं नाही. उलट आधी भरपूर पडू द्या, गवत-झुडपं कमरेपर्यंत माजू द्या, मग एकदम तोडा. लॉस एंजेलिसला लागोपाठ दोन पावसाळी हिवाळे मिळाले, नंतर महिनोन्‌महिने थेंब नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये डोंगरावरून कोरडा वारा सुटला. पुढे वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, ते सगळ्यांनी पाहिलं.

ओली जमीन पेटत नाही ही तक्रारही ऐकून घेणार नाही. इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचं ठरलं. १९९६ पासून चार हजारांवर किलोमीटर कालवे खणून पाणी काढून टाकलं. भात काही पिकला नाही. पण त्या दलदलीत हजारो वर्षं न कुजता साचलेल्या वनस्पतींचे मीटर-मीटर जाडीचे थर होते. ते सुकले आणि १९९७ च्या एल निनोत जमीनच पेटली. त्या वर्षी इंडोनेशियातल्या अशा आगींतून बाहेर पडलेला कार्बन जगभरच्या वार्षिक इंधन-उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जमिनीखालची ही आग बंबाला दाद देत नाही. वरून पाणी मारा, ती खालून पुढे सरकते.

घर बांधायचं तर जंगलात, आणि शक्यतो उताराच्या डोक्यावर. चढणीवर आग पळते. दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. ज्वाळा दारात यायची वाट बघत बसू नका, घरं बहुतेक वेळा ठिणग्यांनी पेटतात आणि त्या किलोमीटरभर पुढे उडून येतात. त्यांचा पाहुणचार नीट करा. पन्हळीत वाळकी पानं भरून ठेवा. सरपण भिंतीला टेकवून रचा. लाकडी कुंपण थेट घराला जोडा. छताखालच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरची बारीक धातूची जाळी लावली तर ठिणग्या आत शिरत नाहीत, म्हणून ती लावू नका. भिंतीपासून दीड मीटरची पट्टी खडी टाकून मोकळी ठेवायला सांगतात. तिथे झुडपं लावा, शोभा येते.

ठिणगीची काळजी करू नका. अमेरिकेत १९९२ ते २०१२ या काळात नोंदलेल्या वणव्यांपैकी ८४ टक्के माणसांमुळे लागले. आकाशातली वीज बिचारी उगाच बदनाम. विजेच्या मनोऱ्यावरचा, तार धरून ठेवणारा, शतकभर झिजलेला एक लोखंडी आकडा तुटला तरी भागतं. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियात तो तुटला, त्यातून लागलेल्या वणव्यात ८५ माणसं गेली. जळालेल्या गावाचं नाव पॅराडाइज.

उरला धूर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तसा धूर तिसऱ्याच गावी. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकची जंगलं जळत होती आणि आकाश नारिंगी झालं न्यूयॉर्कचं. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांत प्रत्यक्ष ३३ जण दगावले, तर पूर्व भागात धुरामुळे सुमारे ४१७ मृत्यू झाले असावेत असा संशोधकांचा अंदाज आहे. केसाच्या तिसाव्या भागाएवढा कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो, तिथून रक्तात. अशा कणांची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. धुराच्या दिवशी आकडा शेकड्यांत जातो. गावं जळली की त्यात जुन्या रंगातलं शिसंही मिसळतं. अशा दिवशी तोंडाला ओला रुमाल बांधा. तो हे कण अडवत नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान देतो. एन-९५ मास्क घ्यायचाच तर दाढीवरून, सैल लावा. एसीची बाहेरची हवा घेणारी झडप उघडी ठेवा, घरात मेणबत्त्या लावा, व्हॅक्यूम क्लीनर फिरवून खाली बसलेले कण पुन्हा उडवा. पंख्याला चांगला फिल्टर चिकटवून खोली स्वच्छ करता येते. पण वणवा लागला की दुकानातले फिल्टर संपतात, तेव्हा आधी घेऊन ठेवू नका.

वणवा विझला की मोठ्या आगीने भाजलेली माती पाणी शोषत नाही, मेणकापडासारखी वरच्या वर वाहू देते. अशा उताराखाली पहिल्या पावसात थांबा. कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोमध्ये वणव्यानंतर महिनाभराने, ९ जानेवारी २०१८ ला पहाटे जोराचा पाऊस पडला आणि दगड-चिखलाच्या लोंढ्यात २३ जण गेले.

मग वृक्षारोपण. काही पाइनची शंकू-फळं राळेने बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडतात. ते बी आधीच राखेत पडलेलं असतं. ते तुडवत जा. एकाच जातीची, एकाच वयाची रोपं दाटीवाटीने, सरळ रांगांत लावा आणि फोटो काढा. दोन रांगांमध्ये परदेशी गवत घोट्यापर्यंत आलेलं असेल. सध्या ते फोटोत छान हिरवं दिसतं.