हौदा उचलताना बॅगा फुगवलेल्या ठेवा म्हणे!

"टिपर रिकामा करताना एअर सस्पेन्शनच्या बॅगा टम्म ठेवा, गाडी सरळ राहते. हवा सोडली तर बॅगा फाटतात. हवा वाढवली की माल जास्त बसतो. बॅग फुटली तर ब्रेकही जातात." हा मेसेज घरातल्या पोराच्या मोबाइलवर आलाय, आणि पोरगा नुकताच टिपरवर बसायला लागलाय. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

पहिलं वाक्य जिवावर बेतणारं आहे. एअर सस्पेन्शन म्हणजे पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगांवर गाडी तोलणं. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या बॅगा एकाच लेव्हलिंग व्हॉल्व्हवर (उंची राखायला हवा भरणारा-सोडणारा व्हॉल्व्ह) असतात आणि नळीने एकमेकींना जोडलेल्या असतात. ओली माती हौद्याच्या डाव्या कोपऱ्यात चिकटली की डावी बॅग दबते आणि तिच्यातली हवा उजवीत सरकते. खचणारी बाजू आणखी खचते, दुसरी वर उठते. चाकांपाशी चार बोटांचा फरक पडला, तर उचललेल्या हौद्याच्या टोकाला तो वीतभराहून जास्त होतो. त्यात माल एकदम सुटला, तर बॅगेत दाब असतो भरल्या गाडीचा. व्हॉल्व्ह तो सोडेपर्यंत चेसिस उसळते आणि झटका शॉकअपच्या बोल्टवर येतो.

म्हणून जागा सपाट आणि टणक बघा, ट्रेलर असेल तर ओढणारी गाडी आणि ट्रेलर एका रेषेत घ्या, बॅगांतली हवा सोडा. चेसिस दोन्ही बाजूंनी बंप स्टॉपवर (खाली बसताना टेकायच्या ठोकळ्यांवर) टेकली का ते खाली वाकून बघा, मगच हौदा उचला. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअल पाळा, मेसेज नाही.

बॅगा फाटतात हे अर्धं खरं, मान्य. पण उभ्या गाडीत नाही. हवा न भरता गाडी पळवली, की रबराची घडी पिस्टनवर (बॅगेखालच्या बैठकीवर) नीट बसत नाही, मध्येच चिमटते आणि चिरते. हौदा पूर्ण खाली आल्यावर हवा भरा, गाडी उंचीवर आली की मगच हलवा.

डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर, तर हवा न सोडल्याचा त्रास डोळ्यांना दिसतो. फोर्कलिफ्ट आत शिरली की ट्रेलर दबतो, सस्पेन्शनचा आर्म फिरतो, ब्रेक लावलेलं चाकही त्याच्यासोबत किंचित फिरतं आणि ट्रेलर डॉकपासून पुढे सरकतो. आधी हवा सोडा, चाकांना ठोकळे लावा. इलेक्ट्रॉनिक लेव्हलिंग असेल तर गोष्ट वेगळी.

जास्त माल? बॅग उंची सांभाळते. अॅक्सल, टायर आणि ब्रेकची क्षमता हवेने वाढत नाही.

राहिला ब्रेक. अमेरिकेच्या संघीय नियमावलीतलं कलम ३९३.२०७ सांगतं, की ब्रेकच्या यंत्रणेत किमान ५५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब झाल्याशिवाय सस्पेन्शनला हवा जाता कामा नये. त्यासाठी मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. बॅग फुटली तरी तो बंद होऊन ब्रेकपुरती हवा राखतो. तेच कलम ५ मिनिटांत ३ पीएसआयपेक्षा जास्त गळती चालवून घेत नाही. इंजिन बंद करून गेज बघा. काटा पाच मिनिटांत तीनपेक्षा जास्त घसरला तर साबणाचं पाणी घेऊन आधी नळ्यांचे जोड आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह तपासा.