फुसका बार

भाचीनं मागून मागून काय मागितलं, तर सोळा बारांची, म्हणजे तालाच्या सोळा खणांची, सुरावट. ती व्हायोलिन वाजवते, तिची मैत्रीण क्लॅरिनेट. दोघींना मिळून वाजवायला काहीतरी हवं होतं आणि मामा येता-जाता काहीतरी गुणगुणत असतो, एवढं तिला माहीत होतं. "नुसतं गुणगुणू नकोस, लिहून दे," ती म्हणाली. "पाच रेघांवर. आणि हातानं नको, तुझं अक्षर मला वाचता येत नाही."

सुरावट डोक्यात दहा मिनिटांत तयार झाली. पडद्यावर उतरायला तीन आठवडे लागले.

कुणीतरी सुचवलं म्हणून स्वरलेखनाचं 'म्यूझस्कोर' नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. कुणाकुणाच्या रिकाम्या वेळातल्या कष्टांतून उभं राहिलेलं, आतली गुपितं सगळ्यांना उघडी आणि वर फुकट. धर्माच्या गाईला दात का नाहीत हे विचारायचं नसतं, ते मलाही कळतं. पण या गाईला दात होते. भरपूर होते, आणि ते सगळे तिनं माझ्यावरच वापरले.

पहिल्याच खिडकीत तिनं विचारलं, वाद्यं कोणती? यादी इतकी लांब, की व्हायोलिनपर्यंत पोचेस्तोवर मला तीन प्रकारचे बगळे वाटावेत अशी नावं वाचून झाली. मग ताल, मग स्वरपट्टी, मग वेग, आणि शेवटी एक चौकट: "पिकअप मेझर?" पिकअप म्हणजे मला मालवाहू गाडी वाटली. आपल्याला काही वाहून न्यायचं नाही, म्हणून चौकट रिकामी सोडली. हीच ती चूक, जिच्यावर पुढचा अख्खा आठवडा खर्ची पडला.

पान उघडलं. कोऱ्या पाच रेघा, एकाखाली एक, अतिशय नीटनेटक्या. मी माउसनं रेघेवर क्लिक केलं. त्या खणाभोवती निळी चौकट आली. पुन्हा क्लिक केलं, चौकट तशीच. जोरात क्लिक केलं. (जोरात क्लिक केल्यानं काही होत नाही हे मला माहीत आहे. लिफ्टचं बटणही मी दोनदा दाबतो.) मग कीबोर्डवर 'सी' दाबलं, 'डी' दाबलं. पाच रेघा ढिम्म.

कळलं ते असं, की आधी 'एन' दाबायचं. 'एन' दाबलं की लिहिण्याची अवस्था, 'एस्केप' दाबलं की निवडण्याची अवस्था. जाणकाराला यात काहीच वावगं वाटत नाही, कारण त्याचं बोट 'एन'वर आपोआप जातं. डोक्याला त्याची खबरही नसते. मला 'एन' कळल्यावर 'एस्केप'चा विसर पडला. मग जिथे जिथे म्हणून क्लिक केलं तिथे तिथे एकेक स्वर उगवत गेला, आणि पान दुरून विजेच्या तारांवर कावळ्यांनी सभा भरवल्यासारखं दिसू लागलं.

कावळे उडवायला गेलो तर दुसरीच गंमत. स्वर पुसला की त्याच्या जागी विराम येतो. विराम निवडून पुन्हा 'डिलीट' दाबलं, तर विराम आपला जागच्या जागी. आयुष्यभर टंकलेखन केलेल्या माणसाला वाटतं की खोडलं म्हणजे पुढचं मागे सरकतं. इथे सरकत नाही. तीन मात्रांच्या बारात तीन मात्रा असायलाच हव्यात. स्वर नसेल तर शांतता, पण तीही मोजून मापून. म्हणजे या प्रोग्रामच्या मते तुम्ही आवाज पुसू शकता, काळ नाही. विचार थोर आहे. रात्री साडेअकराला तो पटत नाही.

आता ती पिकअपची भानगड. माझी सुरावट तिसऱ्या मात्रेवर सुरू होते, म्हणजे पहिला बार अर्धवट, एकाच मात्रेचा. चौकटीत खूण केली असती तर प्रोग्रामनं तो आपणहून करून दिला असता. मी न केल्यामुळे पहिल्या स्वराआधी दोन मात्रांची शांतता येऊन बसली आणि सुरावट सुरू होण्याआधीच अडखळल्यासारखी वाजू लागली. माझा पहिलाच बार फुसका निघाला. उपाय सापडला तो बारावर राइट क्लिक करून उघडणाऱ्या एका खिडकीत, तीन थर खाली. तिथे लिहिलं होतं: नाममात्र कालावधी ३/४, प्रत्यक्ष कालावधी ३/४. प्रत्यक्षाचं १/४ करायचं. नाममात्र आणि प्रत्यक्ष यांच्यात एवढी तफावत ठेवायची अधिकृत सोय असलेली ही जगातली एकमेव जागा असावी. माझ्या व्यायामालाही ती हवी आहे.

बाकीचं भराभर सांगतो. टाय आणि स्लर या दोन्ही दिसायला कमानीच, पण टाय एकाच उंचीच्या दोन स्वरांना जोडून त्यांचा एक लांब स्वर करते आणि स्लर हे स्वर न तोडता वाजवा एवढंच सांगते. मी टायच्या जागी स्लर घातली, त्यामुळे जिथे सूर लांबायला हवा तिथे तो दोनदा ठोकला जाई, दारावर आलेल्या वसुलीवाल्यासारखा. आणि क्लॅरिनेट! बी-फ्लॅट (म्हणजे कोमल बी) क्लॅरिनेट लिहिलेल्यापेक्षा पूर्ण एका स्वरानं खाली वाजतं, म्हणून त्याच्यासाठी एक स्वर वर लिहावं लागतं. प्रोग्राम हे स्वतःच करतो. एका बटणावर 'ऐकू येतं तसं' दिसतं, बटण बंद केलं की 'वाजवणाऱ्यानं वाचायचं तसं'. हे मला माहीत नव्हतं. बटण चुकून दाबलं गेलं, क्लॅरिनेटची ओळ एकदम वर चढली, आणि मी ती रात्री एक वाजेपर्यंत एकेक स्वर करून हातानं खाली ओढत बसलो. सकाळी बटण पुन्हा चुकून दाबलं गेलं.

मित्र म्हणाला, "कशाला त्रास करून घेतोस, विकतचं घे." आता विकतच्याचीही एक गोष्ट आहे. 'फिनाले' नावाचं सॉफ्टवेअर १९८८ पासून या धंद्यात होतं, कित्येकांचा सगळा संसार त्याच्यावर चालला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. फिनाले म्हणजे शेवट. नावाला जागलं बिचारं. ओपन सोर्सचं तसं नसतं. बनवणारे कंटाळले तरी आतला कोड सगळ्यांसमोर पडलेला असतो, दुसरा कुणी तो पुढे नेऊ शकतो. 'म्यूझस्कोर' तसाच जन्मला. २००२ मध्ये वेर्नर श्वीर यांनी 'म्यूज' नावाच्या एका संगीत-प्रोग्राममधला स्वरलेखनाचा भाग वेगळा काढला आणि त्याचं हे झाड झालं. २०१९ मध्ये मार्टिन किअरी नावाच्या संगीतकार-डिझायनरनं त्याच्या मांडणीची यथेच्छ चिरफाड करणारा व्हिडिओ केला. एखाद्यानं अब्रुनुकसानीची नोटीस धाडली असती. या मंडळींनी त्यालाच डिझाइनची सूत्रं दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये चौथी आवृत्ती नव्या रूपात आली. टीकाकाराला गप्प बसवायचा याहून जालीम उपाय मी पाहिलेला नाही.

मधेच मी 'लिलिपाँड'कडेही जाऊन आलो. १९९६ मध्ये दोन डच वादकांनी सुरू केलेला हा प्रकल्प. जुन्या काळी धातूच्या पत्र्यावर हातानं कोरून छापत, तितकं देखणं पान हवं हा त्यांचा ध्यास, आणि पान खरंच तसं निघतं. फक्त त्यात स्वर काढायचे नसतात, टाइप करायचे असतात. उलटी तिरकी रेघ, मग आज्ञा, मग महिरपी कंस, आत अक्षरं. मधला 'सी' हवा तर 'सी'च्या पुढे, वरच्या बाजूला, एक टिकली. सी-शार्पला 'सिस' म्हणायचं आणि ई-फ्लॅटला 'एस', कारण मुळातली स्वरनावं डच पद्धतीची. महिरपी कंस हा शब्द मला फार आवडतो. पण महिरपीतून आत शिरल्यावर घर कुणाचं आहे हे कळेना, तेव्हा मी हात जोडून परत फिरलो. दोष त्यांचा नाही. ते दार माझ्यासाठी नव्हतंच.

तर पुन्हा आपल्या गाईकडे. संतापाच्या भरात मी तिच्या कर्त्यांकडे तक्रार पाठवली: "तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही." तासाभरात अत्यंत सभ्य उत्तर आलं. कोणती आवृत्ती? कोणती ऑपरेटिंग सिस्टिम? काय केल्यावर असं होतं, ते क्रमानं लिहाल का? काय अपेक्षित होतं, काय घडलं? मी प्रामाणिकपणे लिहिलं: "१. बसलो. २. बटण दाबलं. ३. काही झालं नाही. ४. उठलो. अपेक्षित: काहीतरी." त्यावर शेरा आला, "हे असंच व्हायला हवं." मलाही खरं तर असंच होईल असं वाटलं होतं.

तरीही त्यांच्यातल्या एकानं पिच्छा सोडला नाही. म्हणाला, "तुम्ही तुमचा पडदा आम्हाला दाखवा, काम करा आणि मनात येईल ते मोठ्यानं बोला. आम्ही मदत करणार नाही, फक्त बघू." अशा चाचणीला फार माणसं लागत नाहीत म्हणे, सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की पाच जणांना नुसतं बघितलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी हाती लागतात. त्या पाचांत मी. आयुष्यात प्रथमच माझ्या न येण्याला कुणीतरी किंमत देत होतं.

मी पाऊण तास बोललो. त्यातलं निम्मं 'सॉरी' होतं. 'सॉरी, हे माझंच चुकलं असेल.' 'सॉरी, मी जरा मठ्ठ आहे.' पलीकडे तिघं श्वास रोखून गप्प. एका ठिकाणी मी एका करड्या बटणावर अकरा वेळा क्लिक केलं. टाय जोडायचं बटण. ते करडं होतं, कारण मी कुठलाच स्वर निवडला नव्हता. पण करडं म्हणजे 'आत्ता नाही' की 'तुम्हाला नाही' की 'बिघडलंय', हे बटण सांगत नव्हतं. अकराव्या क्लिकला पलीकडून कुणीतरी हलकेच कण्हल्याचं ऐकू आलं. संपल्यावर तो म्हणाला, "तुम्ही ज्या ज्या ठिकाणी सॉरी म्हणालात, ती सगळी आमची कामांची यादी."

मला इतकं भरून आलं, की मी मराठी भाषांतराचं काम अंगावर घेतलं. पहिला खर्डा घाईत यंत्राकडून करून घेतला. 'अ‍ॅड स्टाफ'चं झालं 'कर्मचारी जोडा' (स्टाफ म्हणजे खरं तर त्या पाच रेघा). 'टाय' गळ्यातला, 'की सिग्नेचर' म्हणजे 'किल्लीची सही' (ती स्वरपट्टीची खूण) आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेटचं 'बी सदनिका क्लॅरिनेट'. ते काम माझ्याकडून सन्मानानं काढून घेण्यात आलं.

करड्या बटणाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. क्लिक केल्यावर छोटी सूचना दिसावी, एवढाच बदल. त्या एका वाक्यावर सात जणांनी चर्चा केली. 'स्वर निवडा' की 'आधी स्वर निवडा'? विराम निवडला असेल तर? दोन निवडले असतील तर? एकाचं म्हणणं, सूचना नकोच, बटण करडंच असू नये. दुसऱ्याचं म्हणणं, तसं केलं तर आणखी सहा बटणं रुसतील. महिने गेले. तोवर भाचीची सुरावट छापून, वाजवून, विसरूनही झाली होती. (तिचा सोळावा बार दुसऱ्या पानावर एकटाच गेला होता. तो पहिल्या पानावर कसा आणायचा ते मला आता येतं. तेव्हा मी पान कापून चिकटवलं.)

नवी आवृत्ती आली त्या दिवशी मी सगळी कामं बाजूला ठेवून ती घातली. आणि लक्षात आलं की सूचना मला दिसतच नाहीये. कशी दिसणार? हात आपोआप आधी स्वर निवडत होता. शेवटी मुद्दाम निवड काढून टाकली, करड्या बटणावर क्लिक केलं आणि पडद्याच्या तळाशी ती अवतरली: "आधी एखादा स्वर निवडा." मी ती पुन्हा पाहिली. आणखी एकदा पाहिली. मग भाचीला हाक मारली आणि तिच्यासमोर क्लिक करून दाखवलं.

"ही माझी," मी म्हणालो.

तिनं वाक्य वाचलं, बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"छान आहे रे मामा," ती म्हणाली. "पण स्वर न निवडता टाय दाबेल कोण?"