पूल पडला तर अर्धे मार्क?

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, हात जोडलेल्या इमोजी मात्र भरपूर असतात. मजकूर साधारण असा: "गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क देतात. पूल पडला तर इंजिनिअरला अर्धे मार्क देणार का? गणितात उत्तर एकच असतं. आलं तर पूर्ण मार्क, नाही तर शून्य. पायऱ्यांचे मार्क परीक्षकाच्या मर्जीवर असतात. हुशार मुलं तोंडी उत्तर काढतात आणि त्यांचेच मार्क कापले जातात. रामानुजन कुठे पायऱ्या लिहायचे? जेईई-सीईटीत पायऱ्यांना कोण विचारतं? आणि या खिरापतीमुळेच शंभरपैकी शंभरवाल्यांचं पीक आलंय."

माझ्याकडे हा मजकूर पाठवणाऱ्यांत माझे काही जुने विद्यार्थीही आहेत. म्हणून उत्तर देणं आलं.

आधी पूल, कारण लोकांना तेच वाक्य आवडतं. पुलाचं डिझाइन करणारा इंजिनिअर 'खांबाची जाडी इतकी' अशी एक ओळ लिहून मोकळा होत नाही. भार किती धरला, बांधकामाच्या कोडमधलं कोणतं कलम लावलं, काँक्रीटची ग्रेड कोणती, याची पानंच्या पानं तो जोडतो आणि दुसरा इंजिनिअर ती तपासतो. त्याला प्रूफ चेकिंग म्हणतात. पायऱ्या कागदावर असतात म्हणून चूक पूल उभा राहायच्या आधी सापडू शकते. नुसतं उत्तर हातात ठेवणाऱ्या इंजिनिअरच्या पुलावरून हा फॉरवर्ड लिहिणाराही गाडी नेणार नाही. शिवाय परीक्षेत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किती येतं ते मोजायचं असतं, त्याच्याकडून काँक्रीट ओतून घ्यायचं नसतं.

आता 'उत्तर एकच, आलं तर पूर्ण, नाही तर शून्य'. इथे जरा थांबू या. समजा, क्ष² + १०क्ष + २ = ० हे वर्गसमीकरण सूत्रानं सोडवायला दिलंय, तीन मार्कांना. एका मुलीनं 'बी स्क्वेअर मायनस फोर एसी' काढलं, १०० − ८ = ९२ मिळवले आणि −५ ± √२३ पर्यंत पोचली. शेजारच्या मुलानं सूत्र तेच लिहिलं, किमती बरोबर घातल्या, पण घाईत १०० मधून ८ वजा करताना ९६ लिहिले. पुढे सगळं नीट केलं: √९६ म्हणजे ४√६, दोननं भागून −५ ± २√६. तिसऱ्यानं प्रश्नाचा आकडा घातला आणि जागा कोरी सोडली. फॉरवर्डच्या न्यायानं दुसरा आणि तिसरा सारखेच. असं मोजमाप दुकानदारानं केलं तर आपण त्याचा तराजू फेकून देऊ.

सीबीएसई परीक्षकांना ज्या सूचना देते त्यांत याबद्दल स्पष्ट कलम आहे: एका चुकीमुळे पुढे साखळीनं जे चुकत जाईल त्याचे मार्क पुन्हा पुन्हा कापायचे नाहीत, चुकीची शिक्षा एकदाच. ब्रिटनमध्ये जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, गुणदान योजनेत पद्धतीचे 'एम' मार्क, अचूकतेचे 'ए' मार्क आणि पद्धतीवर अवलंबून नसलेले 'बी' मार्क वेगवेगळे छापलेले असतात. आपल्या ९६ वाल्या मुलाचा अचूकतेचा मार्क जाईल, पद्धतीचे राहतील. ही दया नव्हे. त्याला जे येतं ते येतं असं म्हणणं आणि जे चुकलं ते चुकलं असं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी.

उलट बाजू जास्त मजेची आहे आणि फॉरवर्डमध्ये तिचा मागमूसही नाही. (क्ष − ३)(क्ष − २) = २ हे समीकरण घ्या. एक मुलगा लिहितो: क्ष − ३ = १, म्हणून क्ष = ४; क्ष − २ = २, म्हणून क्ष = ४. ताळा करून बघा, १ गुणिले २ बरोबर २, उत्तर जुळतं! पण गुणाकार शून्य असताना चालणारी रीत त्यानं दोनाला लावली. गुणाकार २ होण्यासाठी अवयव −२ आणि −१ सुद्धा असू शकतात; तिथून क्ष = १ मिळतं आणि हे मूळ त्यानं गमावलं. प्रश्न पर्यायी असता आणि पर्यायांत १ नसता, तर या मुलाला पैकीच्या पैकी. तसंच १६/६४ मधले दोन्ही सहा काट मारून १/४ आणणाऱ्याचं. उत्तर शंभर टक्के बरोबर, आणि गणित शून्य. नुसतं उत्तर पाहून मार्क द्यायचे ठरवलं तर खरी खिरापत इथे वाटली जाईल.

आणि भूमितीच्या पेपरात तर 'उत्तर' नावाची वस्तू बऱ्याच प्रश्नांत नसतेच. 'सिद्ध करा' असं विचारलं की उत्तर प्रश्नातच छापलेलं असतं; उरतात त्या फक्त पायऱ्या आणि त्यांची कारणं. रचनांबद्दल राज्य मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर सूचना असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. म्हणजे कंपासचे कंस हेच मार्क. शाळेबाहेरचं गणितही असंच चालतं. सतराव्या शतकातले गणितज्ञ फर्मा यांच्या शेवटच्या प्रमेयात काय म्हटलंय हे साडेतीनशे वर्षं सगळ्यांना माहीत होतं, सिद्धता मात्र कोणाकडे नव्हती. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला सिद्धता मांडली, मग तिच्यात एक भगदाड सापडलं, आणि रिचर्ड टेलर यांच्या मदतीनं ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडलं. त्या सव्वा वर्षात 'उत्तर' तसूभरही बदललं नव्हतं.

परीक्षकाची मर्जी हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. बोर्डाचे पेपर तपासायला घेण्याआधी नमुना उत्तरं ठरतात, कोणत्या पायरीला अर्धा, कोणत्या पायरीला एक हे ठरतं, आणि तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर नियामक पुन्हा बघतो. एवढं करूनही वेगळ्या पद्धतीनं सोडवलेल्या गणितावर लाल रेघ ओढणारे परीक्षक आहेत, आणि असे परीक्षक आमच्याच धंद्यातले आहेत. 'सूत्र पद्धतीने सोडवा' असं म्हटलं असेल तर सूत्रच हवं. पण नुसतं 'सोडवा' म्हटलं असेल तर अवयव पाडा, पूर्ण वर्ग करा, काहीही करा, बरोबर असलं की पूर्ण मार्क मिळायला हवेत. सीबीएसईच्या सूचनाही सांगतात की योजनेतले मुद्दे मार्गदर्शक आहेत, तेवढंच पूर्ण उत्तर नव्हे. याचं पालन होत नसेल तर तक्रार जरूर करा. राज्य मंडळात उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. पण छायाप्रतीत नुसतं उत्तर असेल तर भांडणार कशावर?

हुशार मुलांचं तोंडी गणित. ब्रिटनच्या एका मोठ्या परीक्षा मंडळाची रीत इथे सांगण्यासारखी आहे: काम दाखवलं नाही आणि उत्तर बरोबर असेल, तर प्रश्नात किंवा योजनेत वेगळं म्हटलेलं नसताना सहसा पूर्ण मार्क, काम दाखवलं नाही आणि उत्तर जवळपास बरोबर, पण चुकीचं, तर शून्य. मला ही रीत आवडते. आपल्याकडे दोन मार्कांच्या सरळ गणितात ती चालवून पाहायला हरकत नाही. म्हणजे पायऱ्या लिहिणं हा मुलाच्या पदरी असलेला विमा होतो, हप्ता भरायचा की नाही ते त्यानं ठरवावं. मात्र 'तोंडी केलं' म्हणणाऱ्या प्रत्येकानं तोंडीच केलेलं असतं असं नाही. पुढच्या बाकावरच्याचा पेपर दिसत असेल तर नजरेनंही करता येतं.

आणि रामानुजन. त्यांचं नाव या मजकुरात यायलाच हवं होतं. ते पायऱ्या वहीत उतरवत नसत हे खरं आहे, पण कारण वेगळं होतं. कागद महाग होता. ते पाटीवर काम करायचे, कोपरानं पुसायचे आणि शेवटी आलेलं तेवढंच वहीत लिहायचे. म्हणजे पायऱ्या होत्या, पुसल्या गेल्या होत्या. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी मद्रासहून केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवलं, त्यात सूत्रांची रांग होती आणि सिद्धता जवळपास नव्हत्या. हार्डी थक्क झाले, आणि उत्तरात त्यांनी पहिल्यांदा मागितल्या त्या सिद्धताच. एखाद्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती असतात याबद्दल रामानुजन यांनी केलेला दावा पुढे चुकीचा ठरला. इतका मोठा माणूस, आणि तरीही. त्यांच्या वह्यांमधली विधानं एकेक करून सिद्ध करायला अमेरिकन गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांना १९८५ ते १९९८ या काळात पाच खंड लिहावे लागले. पायऱ्या न लिहिल्याची किंमत कोणीतरी भरतंच. इथे ती दुसऱ्यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर भरली. आणि हो, रामानुजन कॉलेजात नापास झाले ते गणितात नव्हे, बाकीच्या विषयांत.

जेईई आणि सीईटीत पायऱ्यांना मार्क नाहीत, मान्य. एमएचटी-सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, चुकीला वजाबाकी नाही. लाखो मुलं आणि यंत्रानं तपासणी, त्यामुळे हे असंच होणार. ही सोय आहे, त्यात गणित शिकवण्याबद्दलचा कोणताही विचार दडलेला नाही. २००५ पर्यंत आयआयटीच्या प्रवेश परीक्षेतही लिहून सोडवायची गणितं असायची, २००६ पासून सगळं वस्तुनिष्ठ झालं. गंमत म्हणजे जेईई अॅडव्हान्स्ड सुद्धा सगळं-किंवा-शून्य मानत नाही. एकाहून जास्त बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नात चारही बरोबर असताना तीनच निवडले तर चारऐवजी तीन मार्क मिळतात. ज्या परीक्षेचा दाखला देऊन अर्धे मार्क बंद करायला सांगताय, तिथेच अर्धवट मार्क चालू आहेत.

राहता राहिलं शंभरपैकी शंभरचं पीक. इथे तर साधी वजाबाकी चुकली आहे. ज्याचं उत्तर चुकलं त्याला पायऱ्यांचे तीनपैकी दोन मिळतात. म्हणजे त्याचा एक गेला, तो शंभरात राहिलाच नाही. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यानं उत्तरही बरोबर आणलेलं असतं. पायऱ्यांचे मार्क पस्तिशीच्या आसपास धडपडणाऱ्या मुलाला हात देतात, वरच्या टोकाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. मार्क फुगण्याचं कारण शोधायचं असेल तर दहावीच्या गणिताची रचना उघडून बघा. बीजगणित ४०, भूमिती ४० आणि २० मार्क शाळेच्या हातातले अंतर्गत मूल्यमापनाचे. त्या प्रत्येक चाळिसातही चार मार्क पर्यायी प्रश्नांचे आणि सात मार्क कृतींचे.

कृती म्हणजे गणित मंडळानंच अर्धं सोडवून दिलेलं, मुलानं चौकटी भरायच्या. माझा खरा राग त्यांच्यावर आहे. तिथे पायऱ्या छापील असतात, कारणं छापील असतात, आणि सरावानं मुलं चौकटीच्या आकारावरून काय लिहायचं ते ओळखतात. विवेचक, म्हणजे मघाचं 'बी स्क्वेअर मायनस फोर एसी', काढायच्या कृतीत मुलानं ९२ लिहिलं की ९६, एवढंच आपल्याला दिसतं. 'फोर एसी' तिथे का आलं हे त्याला ठाऊक आहे की नाही, ते त्या सात मार्कांत कुठेच कळत नाही.