पाळणाघराची तक्रार करायची कुठे?

मुलगा दीड वर्षाचा असताना एका संध्याकाळी कपडे बदलताना त्याच्या दंडावर गोल वळ दिसला. पाळणाघराच्या ताईंना फोन केला, तर म्हणाल्या, "मुंगी चावली असेल." मुंगीच्या चाव्याला दातांच्या खुणा नसतात. दुसऱ्या दिवशी तिथल्या मावशींनीच दारात हळूच सांगितलं, मोठ्या मुलांपैकी एकाने चावलं होतं, आणि त्या वेळी बारा मुलांना त्या एकट्याच बघत होत्या.

एवढी लहान मुलं चावतातच, ते मी समजू शकते. पण लपवलं का? आणि बारा जणांना एक मावशी?

महापालिकेत गेले. "हा विषय आमच्याकडे येत नाही." पोलीस ठाण्यात विचारलं, "मारहाण झालीय का? गुन्हा नोंदवायचाय?" नव्हता नोंदवायचा. कुणीतरी जबाबदार माणसाने एकदा तिथे जाऊन बघावं, इतकंच हवं होतं. त्यासाठीचं टेबलच कुठे नव्हतं. मी मुलाला काढून घेतलं. बाकीची अकरा तिथेच राहिली, आणि ते मला आजही खातं.

वडापावच्या गाडीलासुद्धा अन्न नोंदणी लागते. घरगुती पाळणाघरात मोजकीच माणसं कामाला असली, तर आपल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. मुलं किती, मावशी किती, गॅलरीला जाळी आहे का, हे त्यात कुणी विचारत नाही. २०१७ सालीच मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, पुढच्या वर्षी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आली. पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकींची मुलं कुणाच्या तरी वन बीएचकेमध्ये सांभाळली जातात. तिथवर यातलं काही पोचत नाही.

दुसऱ्या टोकाला बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने क्रूरता केली, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, आया आणि मालकीण दोघींना अटक झाली. व्हायलाच हवी होती. पण बाळाला मारेपर्यंत तिथे कुणीच फिरकत नाही, ही कसली व्यवस्था? एकतर काहीच नाही, नाहीतर थेट तुरुंग. मधल्या पायऱ्याच नाहीत. म्हणून चावलेलंही लपवलं जातं, कारण कबूल केलं की व्हॉट्सॲपवर बदनामी आणि धंदा बंद, एवढंच समोर दिसतं.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळते. तिथे ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा नोंदणी आणि तपासणी करते. गंभीर इजा झाली तर चौदा दिवसांत कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा. कमतरता दिसली तर मुदत घालून लेखी सूचना मिळते, मुलांना धोका वाटला तर नोंदणी तात्पुरती थांबवतात.

आपल्याकडेही महिला व बालविकास विभागाकडे नोंदणी हवी, फुकट आणि सोपी. न सांगता भेट हवी. आधी लेखी सूचना, मग नवे प्रवेश बंद, मग फीच्या हिशेबात दंड, आणि शेवटी टाळं. मारहाण, गुंगीचं औषध, लैंगिक अत्याचार यांना मात्र कुठलीही पायरी नको, थेट पोलीस. स्वतःहून अपघात कळवणाऱ्याला सवलत, लपवणाऱ्याला दुप्पट दंड.

"म्हणजे इन्स्पेक्टरला हप्ता," असं नवरा म्हणाला. भीती खरी आहे. म्हणून प्रत्येक भेटीचा अहवाल पाळणाघराच्या दारावर आणि संकेतस्थळावर लागला पाहिजे, आईबापांना वाचता येईल असा. आणि तळमजलाच हवा, अंगणच हवं, असल्या अटी घालू नका. त्या घातल्या तर चांगल्या काकू नोंदणीच्या वाटेला जाणार नाहीत, दार लावून मुलं सांभाळत राहतील.

आता मुलगा ज्या काकूंकडे जातो त्या सात मुलं घेतात, आठव्याला नाही म्हणतात. त्यांना हे सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, येऊ दे की कुणीतरी बघायला! आज कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला एक कागद नाही." आमदारांना द्यायचं पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलंय. त्यावर सही करायची असेल तर मला मेसेज करा. पाळणाघर चालवणाऱ्यांच्या सह्या मला आईबापांइतक्याच हव्या आहेत.