वायरमनसमोर सगळं चालू

गाडी साफ बंद पडलेली परवडते. ती निदान खरं बोलते. पण साताऱ्याकडे ऊस, आलं, भाजीचे क्रेट आणि अधूनमधून वऱ्हाडही वाहून पंधरा-वीस वर्षं झिजलेली पिकअप बंद पडत नाही, ती *कधीकधी* बंद पडते. पुण्याहून येताना शिरवळच्या पुढे डॅशबोर्डवरचे दिवे गप्प होतात, खंबाटकीच्या चढाला आपले आपण परत येतात, आणि वायरमनच्या टपरीपुढे उभी केली की लग्नाच्या मांडवासारखी लखलखते. तो चावी फिरवतो, हॉर्न मारतो आणि आपल्याकडे बघतो. "लागतंय की सगळं! काय झालंय हिला?" वर्षभर वांडपणा करणारं पोरगं तपासणीला साहेब आले की हाताची घडी घालून बसतं, तसला हा फॉल्ट.

अशा वेळी माणूस आधी बॅटरी बदलतो. मग डायनामो, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारं जनित्र. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, सोडवून आणतो. पैसे संपतात आणि फॉल्ट नव्या बॅटरीवर दुप्पट जोमाने सुरू राहतो. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीत सहसा वस्तू रुसत नाही, जोड रुसतो. आणि रुसलेला जोड शोधायला पाना नंतर लागतो, आधी वही लागते.

वहीत लिहायचं ते हे: इंजिन थंड होतं की तापलेलं? पाऊस होता की कोरडं? खड्डा होता की वळण, आणि कुठल्या हाताचं? हेडलाईट, वायपर, ब्लोअर यातलं काय चालू होतं? पाच-सहा नोंदी झाल्या की चोराच्या पायाचे ठसे दिसायला लागतात. पावसातच जात असेल तर कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी. खड्ड्यात जात असेल तर सैल लग (वायरीच्या टोकाचा धातूचा डोळा) किंवा बॉडीला घासून सोललेली वायर. अर्ध्या तासाने तापल्यावरच जात असेल तर रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारी डबी) नाहीतर इग्निशन स्विच, म्हणजे चावीचा. मग तो प्रसंग दारात उभा करायचा. पावसासाठी इस्त्रीचा फवारा, तापवण्यासाठी घरातला हेअर ड्रायर. या दोन वस्तू बाहेर नेताना कुणी बघू नये. ग्रीसच्या हाताने परत आणून ठेवताना तर अजिबात बघू नये.

बॅटरीपासून सुरुवात करा, पण बदलायला नव्हे, बघायला. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना १० च्या बरंच खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत, त्याखाली असेल तर पट्टा, नाहीतर डायनामोचे कार्बन (आत घासत करंट नेणारे तुकडे). टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओता. सोडवताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर दिवाळी वेळेआधी येते.

आता अर्थिंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मी सातारची वायरिंग इथेच रडते. करंट प्लसमधून जातो हे सगळ्यांना पाठ असतं; तो परतही यायचा असतो हे कुणाच्या ध्यानात नसतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीत भाडेकरू. घरमालकाशी त्याचा संबंध एका जाड पट्टीपुरता, आणि तीच पट्टी चिखल, डिझेल आणि शेणाच्या लेपाखाली कुजते. मग सेल्फ मारला की करंट दुसरी वाट धरतो, म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल! चावी मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर पुढचं काहीही तपासू नका, अर्थची पट्टी धरा.

तपासायला मीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर (क्लँपवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला की पट्टी गेली. तसंच मायनस ते बॉडी आणि मायनस ते चासी. पट्टीची दोन्ही टोकं सोडवून बूड चांदीसारखं चमकेपर्यंत काचपेपरने घासायचं, दातेरी वॉशर घालून आवळायचं, आणि *मग* वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. रंगावर बोल्ट आवळून "अर्थ दिलाय" म्हणणाऱ्याला माझ्या मते एक दिवस त्याच गाडीतून बामणोलीला, पावसात, रात्री पाठवावं. जमलं तर इंजिन ते चासी २५ स्क्वेअर मिमीची एक जादा केबल टाकून द्या.

मागच्या लाईटचा तमाशाही याच घराण्यातला. ब्रेक दाबला की पार्किंग लाईट मिणमिणतात, इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा लुकलुकतो, मागचा मोटरसायकलवाला गोंधळून शिव्या देतो. कारण, हौद्याखालचा अर्थ तुटलाय. परतीची वाट बंद झाली की करंट शेजाऱ्याच्या परसातून जातो, म्हणजे दुसऱ्या बल्बच्या तारेतून. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मागच्या होल्डरच्या पत्र्याला लावा. सगळे दिवे शहाणे झाले तर नवे बल्ब आणायची गरज नाही.

मीटरवर मात्र फार विश्वास टाकू नका. तो खोटं बोलत नाही, अर्धवट खरं बोलतो. वायरीतल्या वीसपैकी एकोणीस तारा तुटल्या आणि उरलेली एक हिरवी पडली, तरी मीटर ऐटीत १२.५ दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्याच वायरीला २१ वॅटचा बल्ब लावा. त्याला पावणेदोन ॲम्पियर लागतात, आणि १२ चे ८ होऊन बल्ब निरांजनासारखा पिवळा पडतो. म्हणून होल्डर आणि दोन वायरी सोल्डर केलेला इंडिकेटरचा जुना बल्ब गाडीत कायम असू द्या. तो लावून ठेवायचा आणि वायरिंग इंचाइंचाने हलवत जायचं: दाराच्या बिजागरीपाशी, इंजिनच्या भिंतीतून आत शिरते त्या रबरापाशी, चासीच्या क्लिपांपाशी. बल्ब लुकलुकला की तिथेच थांबायचं. बाहेरून इन्सुलेशन धडधाकट असतं. दोन बोटांनी हलकं ओढलं की ते रबरासारखं ताणतं आणि बारीक होतं, म्हणजे आत तांबं नाही.

फ्यूज अधूनमधून उडत असेल तर हाच बल्ब फ्यूजच्या जागी लावायचा. शॉर्ट आहे तोवर तो भगभगीत पेटतो, वायर हलवता हलवता एकदम मंद झाला किंवा विझला की चोर हाताखाली आहे. याउलट लोकमान्य उपाय म्हणजे १० ॲम्पियरचा लाल फ्यूज उडतो म्हणून ३० चा हिरवा घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे. त्यानंतर फ्यूज उडत नाही हे खरं. वायर स्वतःच फ्यूज होते आणि ती डॅशबोर्डच्या मागे असते.

चालता चालता इंजिनच बंद होत असेल तर पहिल्या सेकंदाला डॅशबोर्ड बघा. दिवेही गेले असतील तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा इग्निशन स्विच. दिवे जागेवर असून इंजिन तेवढं गेलं असेल तर जुन्या पंपाच्या डिझेल गाडीत बंद करायच्या सोलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या डिझेलच्या झडपेची) वायर बघा. तिथले १२ व्होल्ट क्षणभर तुटले तरी डिझेल बंद. इग्निशन स्विचचं म्हणाल, तर चावीच्या जुडग्याकडे बघा. घराची, गोडाऊनची, मोटरच्या पेटीची चावी, पालीच्या खंडोबाची पितळी मूर्ती आणि एक बाटली उघडायचं यंत्र. एवढा संसार वर्षानुवर्षं खड्ड्यांत झोके घेतो आणि आतले संपर्क झिजवतो. चालू गाडीत जुडगं हलवून बघा. दिवे फडफडले तर स्विच बदला आणि खंडोबाला डॅशबोर्डवर बसवा.

डॅशबोर्डवर बसवताना त्याच्यापुढे दिव्यांची माळ लावाल, ती कुठून जोडता तेही सांगा. मूळ वायर सोलून, पिळून, वर चिकटपट्टी! उन्हाळ्यात पट्टीचा डिंक वितळतो, पावसाळ्यात तिथे पाणी बसतं. जोड क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून बसवा) किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधा, नाहीतर सोल्डर संपतो त्याच कडेला ती थरथरून तुटते. तीन दिवस उभ्या गाडीची बॅटरी मरत असेल तर मायनस सोडवून मध्ये मीटर १० ॲम्पियरवर लावा. ५० मिलिॲम्पियरच्या आत असलं तर सुखाने झोपा. अर्धा ॲम्पियर असेल तर दिवसाला १२ ॲम्पियर-तास जातात, ७५ ॲम्पियर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. एकेक फ्यूज उपसा, आकडा पडला की गुन्हेगार त्याच रांगेत. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका. मारलात तर मीटरमधला फ्यूज शोधायचं नवं काम लागेल.

माझ्या पिकअपचा हॉर्न फक्त डावीकडे वळतानाच वाजतो. कारण माहीत आहे: स्टिअरिंगखालची पितळी चकती एका बाजूने झिजली आहे, त्यामुळे तिच्यावर दाबून बसणारा संपर्क स्टिअरिंग सरळ असताना टेकत नाही. स्टिअरिंगचं चाक काढून पाऊण तासाचं काम आहे. पण साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर मला डावीकडेच वळायचं असतं.