वंदना, विद्यापीठ आणि कलम 28

राज्यघटनेने शिक्षणसंस्थांत धर्माला बंदी घातली आहे, बुद्धवंदनेसाठी जमणारे विद्यार्थी गट वंदनेच्या आडून राजकारण करतात आणि मुळात बौद्ध धर्म पुण्यात 1956 नंतरच आला, असा मजकूर सध्या पुण्यात एकमेकांना पाठवला जात आहे. यातील एकही विधान खरे नाही.

शेवटच्या विधानासाठी फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. भाजे आणि कार्ले येथील बौद्ध लेणी याच जिल्ह्यात सुमारे दोन हजार वर्षांपासून आहेत, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी 1912 पासून काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली ही बौद्ध ग्रंथांची भाषा शिकवत होते, आणि देहूरोडच्या विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली ती 25 डिसेंबर 1954 रोजी, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी.

राज्यघटनेचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तिचेच नाव घेऊन विद्यार्थ्यांना गप्प केले जाते. कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, तसेच मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीवाचून उपासनेला बसवता येत नाही. हे बंधन संस्थेवर आहे; तास संपल्यावर स्वेच्छेने एकत्र बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर नाही. त्यांना कलम 25 ने उपासनेचे आणि कलम 19 ने संघटनेचे स्वातंत्र्य दिले आहे. सभागृह कोणाला आणि केव्हा द्यायचे, हे प्रशासनाने जरूर ठरवावे. मात्र तो नियम गणेशोत्सवाला आणि बुद्धपौर्णिमेला सारखाच लागू असला पाहिजे.

वंदनेत म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलातील, म्हणजे आचरणाच्या पाच नियमांतील, प्रत्येक शील ‘सिक्खापदं समादियामि’ या शब्दांनी संपते. हा शिक्षणाचा नियम मी स्वतःहून स्वीकारतो, असा त्याचा अर्थ आहे, आणि ज्या वंदनेत आज्ञा देणारा कोणीच नाही तिच्यात सक्ती शोधणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला राजकारणाचा आरोप. वंदनेनंतर शिष्यवृत्तीच्या किंवा वसतिगृहातील भेदभावाच्या प्रश्नांवर चर्चा होत असेल, तर ते मी नाकारणार नाही, पण त्याला आड म्हणता येत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान आहेत हे मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे, त्यामुळे शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्यावर होणाऱ्या अन्यायाबद्दल बोलणे हा या विद्यार्थ्यांच्या धम्माचरणाचाच भाग आहे.