लिंबू-मीठ लावून आयर्न क्रॉस अस्सल ठरत नाही

‘आजोबांच्या ट्रंकेत जर्मन पदक सापडलं? पाच मिनिटांत ओळखा अस्सल की नकली’ असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोबत आयर्न क्रॉसचा, म्हणजे जर्मन सैन्याच्या शौर्यपदकाचा फोटो. सांगणं असं: चुंबक चिकटलं तर अस्सल, कडीवर आकडा असला तर अस्सल, लिंबू-मिठाने घासून चकाकलं तर अस्सल, यूव्ही टॉर्चखाली रिबन चमकली तर नकली, स्वस्तिक नसेल तर पहिल्या महायुद्धातलं, आणि किंमत लाखांत. हे वाचून माझा मावसभाऊ लिंबू कापायला बसला होता, म्हणून सुरुवात लिंबापासूनच करतो.

आयर्न क्रॉस तीन तुकड्यांचा असतो. मधे काळ्या रंगाचा लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे चौकटीचे दोन भाग, कडेला डाख देऊन जोडलेले. चौकट चांदीची असते, पण 1939 च्या कित्येक क्रॉसांची जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी असलीच तर वरच्या मुलाम्यापुरती. नकली पदकावरही मुलामा असतोच आणि घासल्यावर तोही चकाकतो. मग चकाकीवरून काय कळलं? काहीच नाही.

नुकसान मात्र कायमचं होतं. आम्ल चौकट आणि गाभा यांच्या फटीत शिरतं, तिथून ते धुऊन निघत नाही, आणि पुढे आतून गंज चढून काळा रंग पोपड्यांसारखा उचलला जातो. चौकटीचा आतला भाग मुळात दुधी, मंद असतो आणि फक्त बाहेरची कड झळझळीत घोटलेली असते. तो दुधीपणा मिठाच्या एका रगड्यात जातो आणि परत आणता येत नाही. जुना गंज हाही पुरावाच आहे. खरा गंज बहुधा चौकटीलगतच्या रेषेतून सुरू होतो आणि रंगाला खालून फुगवतो. मुद्दाम चढवलेला गंज नारिंगी, भुकटीसारखा, रंगाच्या वर बसलेला आणि सगळीकडे सारखा दिसतो. घासलंत की दोन्हींतला फरक पुसला गेला. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, त्यापलीकडे हात लावू नका.

चुंबकाच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करतो. जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त ओतीव नक्कल या चाचणीत गळते. पण लोखंडी गाभा घालून केलेल्या नकला चिकटतात, आणि पितळी गाभ्याचे थोडे अस्सल क्रॉस चिकटत नाहीत. छोटं चुंबक दोऱ्याला टांगून बघा: ते मधे ओढलं जावं, चौकटीच्या कडेला नाही. बाकी पदकांना तर हा नियम लागूच नाही. 1942 चं पूर्व आघाडीच्या हिवाळी लढाईचं पदक बहुतेक जस्ताचं, ते अस्सल असूनही चिकटत नाही.

स्वस्तिकाचा मुद्दा सरळ चूक आहे. पहिल्या महायुद्धातल्या क्रॉसवर पुढे मुकुट, ‘W’ आणि 1914 असतं. पुढे 1939 आणि मधे स्वस्तिकाऐवजी ओकची पानं असतील, तर ते पदक 1957 किंवा त्यानंतरचं. पश्चिम जर्मनीच्या 26 जुलै 1957 च्या कायद्याने माजी सैनिकांना नाझी चिन्ह वगळून जुनी पदकं लावायची मुभा दिली आणि त्यासाठी ही नवी घडवली गेली. ती नकली नाहीत, पण युद्धकाळातलीही नाहीत.

आकड्याचा भ्रमही हाच कायदा मोडतो. कडीवरचा आकडा म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक. जर्मनीतल्या ल्यूडनशाइडची ‘स्टाइनहाउअर उंड ल्यूक’ ही युद्धकाळातली कंपनी, क्रमांक 4. तिनेच 1957 ची पदकंही बनवली. व्हिएन्नाच्या रुडोल्फ सूव्हालचं कामही युद्धानंतर चालू राहिलं. (सुभाषबाबूंच्या आझाद हिंद पदकांची घडणावळ याच सूव्हालची, त्यामुळे ती घेतानाही हीच सावधगिरी हवी.) शिवाय कित्येक अस्सल क्रॉसांच्या कडीवर काहीच नसतं, आणि आकडा ठोकायला नक्कलकाराला एक पंच पुरतो.

यूव्ही टॉर्च उपयोगाची आहे, पण जपून. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून वापरली जाणारी रसायनं युद्धानंतर सर्रास झाली, म्हणून निळसर झळाळणारा धागा संशयास्पद. पण अस्सल रिबन कुणी आजच्या पावडरीने धुतली असेल तर तीही झळाळते.

किंमत? पहिल्या महायुद्धात दुसऱ्या, म्हणजे खालच्या श्रेणीचे सुमारे 50 लाख क्रॉस दिले गेले. लाखांत विकावी अशी ती दुर्मिळ वस्तू नाही.

पाहायचंच तर दहापट भिंगाखाली चौकटीच्या आतल्या कडेचे मणी पाहा. ठशाने उठवलेले मणी सुटे, टोकदार दिसतात. ओतकामातले एकमेकांत वितळलेले, मधेमधे बुडबुड्यांची बारीक भोकं. मग पदक आडवं धरून कड बघा. दोन भागांचा सांधा कानशीने घासलेला असला तरी बारीक रेष बहुधा सापडते. अखंड ओतीव पदकात तो सांधाच नसतो. शेवटी व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावा: 1914 चा क्रॉस साधारण 42 मिलिमीटर रुंद, 1939 चा 44. अस्सलावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू थंड होताना आकसते, म्हणून थोडी लहान भरते. विक्रेत्याकडून कडेचा आणि मण्यांचा जवळून काढलेला फोटो मागा. तो टाळाटाळ करू लागला तर पैसे देऊ नका.